हात धरायचा सीन

१२ मेहर

सिनेमाचा परवाना मिळाला! फोन आला तेव्हा मी आईच्या, आमच्या मामानच्या, स्वयंपाकघरात वांगी तळत होते. वांगी जळली, मामान ओरडली, आणि कारण कळल्यावर तिनंच इस्पंदाच्या बिया निखाऱ्यावर टाकून तो धूर माझ्या डोक्याभोवती इतका फिरवला की दृष्ट लागायची राहिली बाजूला, मलाच काही दिसेनासं झालं.

अटी आहेतच. अटींशिवाय परवाना आमच्याकडे कुणाला मिळालाय? ब्रेकवाल्यानं शिव्या द्यायच्या नाहीत. (तेहरानच्या दक्षिणेतला ब्रेकवाला, आणि शिव्या नाहीत! मग तो बोलणार काय?) बायकोनं खिडकीत उभं राहून हसायचं नाही. ती झोपतानाही डोक्याला रुमाल बांधून झोपणार हे मी आपणहूनच लिहिलं होतं, त्यामुळे तिथे त्यांना काम उरलं नाही. आणि शेवटची अट, जिच्यात माझा जीव अडकलाय ती: शेवटी बायको नवऱ्याचा हात धरते तो शॉट ‘कलाकार प्रत्यक्षात पती-पत्नी असल्यासच’ घ्यावा.

सगळा सिनेमा त्या शॉटसाठी आहे. नाझीआबादेतला एक ब्रेक दुरुस्त करणारा, ट्रकखाली हात चिरडतो, काम जातं, बायको शिवणाच्या कारखान्यात जायला लागते. दोघं एकाच खोलीत एकमेकांकडे पाठ करून जगतात, आणि शेवटी ती त्याचा तो चिरडलेला हात आपल्या हातात घेते. बस्स. हात काढला तर माझ्या सिनेमात उरतो फक्त चहा.

पण अट घालणारे डाल डाल, तर मी पात पात. सूदाबे आणि फरामर्ज! दोघंही नाटकातली मुरलेली माणसं, चौदा वर्षांचं लग्न. फरामर्ज टीव्हीवर इन्स्पेक्टर होता म्हणून त्याला भाजीवालेसुद्धा सलाम करतात. सूदाबे त्याच्याहून दसपट चांगली, म्हणूनच तिला कैक वर्षं कुणी धड काम दिलेलं नाही. त्यांच्या निकाहनाम्याची प्रत अर्जाला जोडून टाकली. सूदाबेला फोन केला तर म्हणाली, “शूटिंग संपणार कधी?” सगळे सुरू कधी होणार ते विचारतात, ही पहिलीच.

२१ मेहर

मामानच्या दिवाणखान्यात वाचन झालं. फरामर्ज सोफ्यावर ऐसपैस, आणि सूदाबे पार तिकडे, जेवणाच्या टेबलाजवळ.

मी म्हटलं, “अगं, इतक्या लांबून वाचतेस, मध्ये टपालवाला ठेवायचाय का?”

“पात्रं एकमेकांपासून लांब गेलीत ना,” ती म्हणाली.

याला म्हणतात तयारी! पहिल्या वाचनापासून भूमिकेत. फरामर्जनं मात्र तिच्यासाठी डाळिंब सोलून दाणे वाटीत घातले आणि वाटी तिच्यापुढे सरकवली. तिनं हात लावला नाही. मीच खाल्ले.

ती दोघं गेल्यावर मामान म्हणाली, “या दोघांचं काहीतरी बिनसलंय.”

“मामान, याला अभिनय म्हणतात.”

“मग तुझे बाबा आणि मी फार मोठे नट होतो,” मामान म्हणाली आणि भांडी उचलायला गेली.

३० मेहर

पहिला दिवस. घर मिळालंय ते हज करून आलेल्या हाज खानुम बदरींचं, जुन्या नाझीआबादेत. पोपडे आलेल्या भिंती, एकच खिडकी, समोर गॅरेज. असं घर सेट म्हणून बांधायला गेले असते तर माझी हाडं विकावी लागली असती. बाईंनी घर दिलं ते फक्त इन्स्पेक्टरसाहेब येणार म्हणून. कोपऱ्यात खुर्ची टाकून, जपमाळ घेऊन दिवसभर बसतात, आणि शॉट चालू असताना मोठ्यानं “माशाल्ला!” म्हणतात. आवाजवाल्यानं डोक्याला हात लावलाय. आबान महिन्याच्या मध्यावर त्या मशहदच्या यात्रेला निघणार आणि घराला कुलूप लागणार, म्हणजे आम्हाला तोवर सगळं उरकायला हवं.

जेवणाच्या सुट्टीत सूदाबेनं मला बाजूला घेतलं. “हाताचा सीन शेवटी ठेवशील? अगदी शेवटी.”

“शेवटीच आहे तो.”

“सिनेमात नाही. शूटिंगमध्ये. आबानच्या वीस तारखेनंतर.”

“वीसनंतर घर कुठाय बाई?”

नटनट्यांचे नखरे! कुणाला तेरा आकडा नको, कुणाला पिवळा रंग नको, हिला वीसच्या आधीची तारीख नको.

५ आबान

सुट्टी. मामानकडे माहरोखची बातमी ऐकली. माहरोख म्हणजे माझी मावसबहीण. तिच्या नवऱ्यानं तलाक दिला म्हणून तिनं सगळ्या मैत्रिणींना जेवण घातलं, पडदे बदलले, केस कापले. आणि मुदत संपायला दोन-तीन दिवस उरले असताना त्यानं तिला परत घेतलं.

“परत घेतलं म्हणजे काय? दुकान आहे का ते?”

“पुरुषानं आपणहून दिलेला तलाक असला की तीन पाळ्यांची मुदत असते,” मामान म्हणाली. “तोवर बाई त्याच्याच घरात राहते. तेवढ्यात त्यानं तोंडानं म्हटलं, नाहीतर बायको समजून नुसता हात जरी धरला, तरी तलाक मोडला. नवं लग्न नको, काही नको. ती पुन्हा त्याची बायको.”

“आणि तिला नको असेल तर?”

“तिला कोण विचारतंय?”

माहरोख बिचारी. पण पडदे छान होते.

९ आबान

काम झकास चाललंय. आज सूदाबेनं जे केलं ते मी लिहिलेलंही नव्हतं. फरामर्ज तिच्याकडे चहाचा पेला धरतो. ती पेला घेत नाही, तबक पुढे करते. त्यानं पेला तबकात ठेवला, मग तिनं उचलला. बोटाला बोट लागू दिलं नाही! कॅमेरावाला इराज माझ्याकडे बघून नुसता भुवया उडवत होता. त्याचं आणि माझं शाळेपासूनचं; भुवयांवरूनच आमचं बोलणं होतं.

फरामर्जसुद्धा सिनेमात जीव ओततोय. आज मला म्हणाला, “हाताचा सीन लवकर उरका. आणि एक सुचवू? तो तिनं धरायच्या ऐवजी मीच तिचा हात पकडतो. तिला आधी सांगायचं नाही. चेहरा खरा मिळेल.”

“वा!”

“आणि खोलीत माणसं असू देत. इराज, आवाजवाला, हाज खानुम, सगळे. कॅमेरा असा ठेवा की हात स्वच्छ दिसला पाहिजे. उगाच नंतर कुणी म्हणायला नको की लागलाच नव्हता.”

स्वतःचा चेहरा सोडून हात नीट दिसावा म्हणून धडपडणारा नट मी पहिल्यांदाच पाहिला. चौदाला ठेवलाय सीन.

१२ आबान

सूदाबेशी कडाक्याचं भांडण. चौदा तारीख ऐकून पांढरीफटक पडली. म्हणाली, त्याच्या खांद्यावर रुमाल टाकते, खिडकी उघडते, हात नको.

मी तडकले. “चौदा वर्षं एका घरात नांदतेस आणि हात धरायला लाजतेस? हा शॉट मिळावा म्हणून मी परवानावाल्यांच्या पायऱ्या झिजवल्या. तुम्ही नवरा-बायको आहात म्हणून तुम्हाला घेतलं, नाहीतर काय नट्यांचा दुष्काळ पडला होता?”

शेवटचं वाक्य मी बोलायला नको होतं. ती म्हणाली, “खरंय,” आणि पुढच्या शॉटला जाऊन उभी राहिली. तो शॉट एका टेकमध्ये झाला.

१४ आबान

आज जे झालं ते नीट क्रमानं लिहायचा प्रयत्न करते. हात अजून दुखतोय.

सकाळी हाज खानुमच्या स्वयंपाकघरात सूदाबेनं दार लोटून घेतलं. “गुलनूश, आमचा तलाक झालाय. मोर्दाद महिन्यात.”

“मग निकाहनामा?” माझ्या तोंडून पहिलं हेच निघालं. लाज वाटते लिहायला, पण हेच निघालं.

“मुदत चालू आहे. पुढच्या बुधवारी संपते. तोवर कायद्यानं मी त्याचीच, म्हणून प्रत खोटी नाही. त्याच्याच घरात राहते. आतल्या खोलीत, कडी लावून.”

माहरोखचे पडदे माझ्या डोळ्यांपुढे आले. मी खुर्चीवर बसलेच.

“सात वर्षं मी सुटका मागत होते,” ती म्हणाली. “उन्हाळ्यात त्यानं रागाच्या भरात दिली. सगळ्या पाहुण्यांपुढे सांगितलं, हाकलली म्हणून. आता राग उतरलाय.”

“मग तोंडानं म्हणून मोकळा का होत नाही?”

“‘परत ये’ म्हणायचं तर त्याचं नाक कापलं जातं. हात धरला की न बोलता काम होतं. वर म्हणायला मोकळा, मी कुठं काय म्हटलं?”

“पण तो अभिनय झाला ना! मनात हेतू नको का?”

“हेतू होता की नव्हता ते कुणाला विचारणार? मला? त्यालाच विचारणार. आणि साक्षीला तुझा कॅमेरा.”

इराज जवळ हवा, आवाजवाला हवा, हाज खानुम हव्यात, हात स्वच्छ दिसायला हवा. आणि मी ‘वा’ म्हटलं होतं! मला स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटली.

“आधी का नाही बोललीस?”

“बोलले असते तर काम दिलं असतंस?”

नसतं दिलं. “बुधवारनंतर मी धरला असता,” ती म्हणाली. “परक्या पुरुषाचा तर परक्या पुरुषाचा, पाप माझ्या माथी. पण तेव्हा त्याचा हक्क तरी संपलेला असता.”

म्हणजे आज धरला तर ती अडकणार, आणि नाही धरला तर माझा सिनेमा. खरं लिहायचं तर मी दोन्ही पारड्यांत घालून पाहिलं. हातमोजे, असंही सुचलं. “ब्रेकवाल्याच्या बायकोला हातमोजे?” ती म्हणाली, आणि त्या अवस्थेतही आम्ही दोघी फिस्सकन हसलो. हसताना तिच्या डोळ्यांतून पाणी आलं ते थांबेना. तेव्हा माझं पारडं एकदाचं खाली बसलं.

बाहेर येऊन मी जाहीर केलं, “हाताचा सीन पुढे ढकललाय. आज फक्त ती चहा आणून ठेवते, एवढंच.” वाटलं होतं फरामर्ज आकाशपाताळ एक करेल. तो गोड हसला. “दिग्दर्शक तुम्ही. म्हणाल तसं.” मी गाढव. सुटले म्हणून श्वास सोडला.

कॅमेरा चालू झाला. जमिनीवर जेवणाचा सुफ्रा अंथरलेला, त्यावर त्याचा तो रंगवलेला, चिरडलेला हात. सूदाबे आली, वाकली, तबक ठेवलं. आणि त्याचा हात उठला.

मी सुफ्र्याच्या कडेलाच उकिडवी बसले होते. काय करतेय ते मला कळलंच नाही. मी झेप घेतली आणि त्याचा हात पकडला. दोन्ही पेले उडाले. सूदाबे मागे सरकली, भिंतीला जाऊन टेकली. तो हात ओढत होता, मी सोडत नव्हते. गरम चहा गुडघ्यावरून वाहतोय, आणि मी एका परक्या पुरुषाचा हात दातओठ खाऊन धरून बसलेय.

“हे काय केलंत, खानुम?” फरामर्ज म्हणाला.

“दिग्दर्शन,” मी म्हटलं.

कोपऱ्यातून हाज खानुम किंचाळल्या. “अस्तगफिरुल्ला! माझ्या घरात! नमाजाच्या गालिच्यापासून हातभर अंतरावर! त्याची बायको बघतेय, आणि ही सटवी त्याचा हात धरते!” अर्ध्या तासात सगळं सामान फुटपाथवर. मी शेवटपर्यंत माफी मागत होते. त्या ऐकेनात. गालिचा धुवायला काढला.

फुटपाथवर दिव्यांच्या पेट्यांवर बसून इराज म्हणाला, “बरं, आता खरं सांगतेस का, की मी लग्नाची मागणी समजू?” सांगितलं. त्याच्या भुवया खालीच राहिल्या.

१५ आबान

सूदाबे मामानकडे आहे. नियमाप्रमाणे तिनं मुदतीत त्याच्या घरातून हलायचं नाही. मामान म्हणाली, “आजाऱ्याच्या सेवेला जाऊ नये असं कुठं म्हटलंय? मी आजारी आहे.” आणि लगेच डोक्याला फडकं बांधून कोचावर आडवी झाली. तासाभरानं उठून तिनं सगळ्यांसाठी आशचं दाट सूप शिजवलं.

१८ आबान

संध्याकाळी खालची घंटा वाजली. फरामर्ज. दाराच्या बोलक्या यंत्रात त्याचा आवाज आला तशा आम्ही तिघी जागच्या जागी थिजलो. वर यायची गरजच नव्हती त्याला. हात नको, कॅमेरा नको, खालून एक वाक्य म्हटलं असतं तरी पुरे होतं. सूदाबेनं हातातली सुरी खाली ठेवली.

“सूदाबे आहे?”

मामान यंत्राशी जाऊन खोकली. खूप वेळ खोकली. तो थांबला. त्याचा श्वास ऐकू येत होता. सूदाबे डोळे मिटून उभी होती आणि मी मनात इतक्या संतांना नवस बोलले की फेडायला जन्म पुरणार नाही.

“तिला सांगा…” तो म्हणाला, आणि पुन्हा थांबला. “तिला सांगा, चहाचा समोवार गळतोय. मला दुरुस्त करता येत नाही.”

मामाननं सूदाबेकडे पाहिलं. सूदाबे यंत्राजवळ आली. मी तिची बाही धरली, पण तिनं अलगद सोडवली.

“खालचा वॉशर बदलून घे,” ती म्हणाली. “चौकातला दुकानदार देईल.”

“बरं,” तो म्हणाला. खूप वेळानं पावलं ऐकू आली, लांब जाणारी. वाईट वाटलं मला त्याचं, खरंच वाटलं. पण दाराची कडी मी दोनदा तपासली.

२२ आबान

बुधवार! सूदाबे सकाळीच मलईच्या पावांचा भलामोठा खोका घेऊन इराजच्या खोलीवर आली, जिथे आम्ही जोडणी करतो. आनंदाच्या बातमीला तोंड गोड करायचं असतं, तसं केलं. “आजपासून मी त्याला परकी,” ती म्हणाली. मग आम्ही तिघांनी मिळून खोका संपवला. इराजच्या मिशीला मलई.

तोंड पुसून तो म्हणाला, “आता एक दाखवतो.” चौदा तारखेचा तो टेक त्यानं लावला. मी तो बघायचंच टाळत होते. लेन्स हातावर होती, घट्ट. मी पकडलं, फरामर्जनं ओढलं, त्या हिसक्यात माझ्या बाहीचं बटण सुटून ती वर सरकली, आणि चौकटीत राहिलंय फक्त मनगट. चिरडलेला हात उठतो, चाचपडतो, आणि बाजूनं एका बाईचा हात येऊन त्याच्यावर तुटून पडतो. तो ओढतोय, ती सोडत नाही. बोटं पांढरी झालीत. मग कॅमेरा वर जातो, फरामर्जच्या चेहऱ्यावर. इतका थक्क झालेला नवरा मी लिहूच शकले नसते.

सूदाबेनं तीन वेळा पाहिला. “सोडणारच नाही म्हणतोय तो हात,” ती म्हणाली. “चौदा वर्षांत मी त्याला असं कधी धरलं नाही.” आणि मग, “ठेव तो. माझा म्हणूनच ठेव.”

“सापडलो तर?”

“मनगटावर नाव असतं का कुणाच्या?”

फरामर्जला इराजनं कळवलं. त्याचं एका ओळीचं उत्तर आलं: ‘माझा चेहरा कापू नका.’

१७ आझर

आज परवानावाल्यांनी सिनेमा पाहिला. तिघं होते. दोघं पहिल्या भागातच घड्याळं बघायला लागले. तिसरे म्हातारे, फाइल मांडीवर घेऊन बसलेले. हाताचा शॉट आला तसे म्हणाले, “थांबवा. मागे घ्या.” पुन्हा लावला. “अजून एकदा.”

दिवे लागल्यावर त्यांनी फाइल उघडली, निकाहनाम्याची प्रत काढली, चष्मा कपाळावर चढवून तारीख वाचली. मी खुर्चीची कड धरून बसले होते. मग त्यांनी प्रत परत घालून ठेवली.

“म्हणूनच आम्ही अट घालतो, खानुम,” म्हातारबुवा म्हणाले. त्यांचे डोळे ओले होते. “परक्या बाईला असा हात धरता आला असता का? शक्यच नाही. ही खरी बायको आहे हे आंधळ्यालाही कळेल.”

मी मान हलवली. तोंड उघडलं असतं तर हसू फुटलं असतं नाहीतर रडू, काय ते सांगता येत नाही. शिक्का मारला त्यांनी. जराही कापाकापी नाही.

जिन्यातूनच सूदाबेला फोन केला. शब्दन् शब्द सांगितला. ती इतकी हसली की तिला उचकी लागली. मग उचकी आवरून तिनं विचारलं,

“म्हणजे कागदावर मला परत त्याची बायको केली त्यांनी?”

“कागदावर नाही. पडद्यावर.”

“आणि त्या शॉटनंतर काय आहे गं सिनेमात? मी विसरले.”

“त्यानंतर काही नाही. तिथंच संपतो.”

“मग असू दे,” ती म्हणाली.